परिषद चहाच्या सुट्टीत का भरते?

पाऊस सरला की गोव्यात परिषदांचा हंगाम सुरू होतो. डॉक्टरांपासून लेखापालांपर्यंत आणि अभियंत्यांपासून ग्रंथपालांपर्यंत नाना व्यवसायांची अधिवेशने किनाऱ्यावरील हॉटेलांत आणि पणजीच्या आसपासच्या सभागृहांत भरतात. २०२३ मध्ये जी-२० गटाच्या बैठका येथे झाल्या, २०२४ च्या फेब्रुवारीत बेतूल येथे ‘इंडिया एनर्जी वीक’ भरला. लहानसे राज्य, विमानतळ दोन आणि समुद्र जवळ. परिषदेचे ठिकाण म्हणून गोव्याचे नाव सहज सुचते. या परिषदांमुळे हॉटेलांचे किती भले होते, याची चर्चा वारंवार होते. जे लोक त्यांना येऊन बसतात त्यांच्या पदरात काय पडते, याची चर्चा मात्र सहसा होत नाही.

कार्यक्रमाचा साचा सर्वांच्या परिचयाचा आहे. प्रमुख पाहुण्यांना उशीर झाल्याने उद्घाटन पाऊण तास लांबते. समई, स्वागतगीत, पुष्पगुच्छ, शाल-श्रीफळ, स्मरणिकेचे प्रकाशन आणि मग बीजभाषण. पुढील सत्रात पाच वक्ते असतात. पहिले दोघे आपल्या वेळेपेक्षा दहा-दहा मिनिटे जास्त घेतात, शेवटचा वक्ता पडद्यावरील चित्रे भराभर पुढे ढकलतो आणि ‘वेळेअभावी प्रश्नोत्तरे घेता येणार नाहीत’ अशी दिलगिरी व्यक्त होते. त्यानंतर चहाची सुट्टी. तेथे मात्र चित्र पालटते. सांग्याहून आलेल्या कोणाची गाठ सोलापूरहून आलेल्या कोणाशी पडते. दोघांची अडचण एकच निघते. एकाने केलेला उपाय दुसरा वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतो. घंटा वाजते आणि दोघेही नाइलाजाने आत जाऊन पुन्हा रांगेत बसतात.

हॅरिसन ओवेन या अमेरिकन गृहस्थांनी नेमकी हीच गोष्ट मनावर घेतली. ओवेन मूळचे धर्मोपदेशक, पुढे संस्थांचे सल्लागार झाले. १९८३ मध्ये त्यांनी अडीचशे जणांची एक आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. तयारीत पूर्ण वर्ष गेले. परिषद संपल्यावर, खुद्द ओवेन यांच्यासह, सर्वांचे एकमत झाले की सर्वांत उपयोगी ठरल्या त्या कॉफीच्या सुट्ट्या. वर्षभराच्या नियोजनात ज्या भागाचे नियोजन असे काही केलेच नव्हते, तोच भाग साधला होता. दुसऱ्या कोणी ही गोष्ट विनोद म्हणून सोडून दिली असती. ओवेन यांनी १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे पुढची परिषद भरवली तेव्हा कार्यक्रमपत्रिका छापलीच नाही. आलेले ८५ जण मोठ्या वर्तुळात बसले. ज्याला एखाद्या विषयावर बोलायचे किंवा विचारायचे असेल त्याने उठून तो विषय कागदावर लिहायचा, खाली आपले नाव घालायचे, सर्वांना वाचून दाखवायचा आणि भिंतीवर वेळ व जागा ठरवून चिकटवायचा. थोड्याच वेळात रिकाम्या भिंतीवर संपूर्ण परिषद उभी राहिली. या पद्धतीला पुढे ‘ओपन स्पेस’ असे नाव मिळाले.

ही कल्पना त्यांना व्यवस्थापनाच्या एखाद्या ग्रंथात सापडली नव्हती. साठच्या दशकात पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियात छायापत्रकार म्हणून काम करताना ओवेन बालामाह नावाच्या खेड्यात राहिले होते. तेथे मुलग्यांच्या दीक्षाविधीचा चार दिवसांचा उत्सव त्यांनी पाहिला. शेकडो माणसे, अन्न, नाच, विधी असे सारे यथासांग चालले होते आणि संयोजन समिती म्हणावी अशी कोठे दिसत नव्हती. गोव्यातील वाचकाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. शिगम्याच्या मांडावर कार्यक्रमपत्रिका कोणी वाटत नाही. नमन कधी, मेळ कधी निघायचा, हे गावाला ठाऊक असते. मांडाची ही उपमा पुढे आणखी एका कारणासाठी उपयोगी पडणार आहे.

ओवेन यांनी या पद्धतीसाठी चार साधी सूत्रे सांगितली: जे आले तेच योग्य लोक, जे घडले तेच घडू शकत होते, सुरू होईल तीच योग्य वेळ, आणि संपले की संपले. यांच्या जोडीला त्यांनी एकच ‘कायदा’ केला, दोन पायांचा. ज्या ठिकाणी आपण काही शिकत नाही आणि काही देतही नाही असे वाटेल, तेथून उठून दुसरीकडे जावे. त्यात कोणाचा अवमान मानायचा नाही. सगळी पद्धत या कायद्यावर तोललेली आहे. रटाळ वक्त्यासमोर शिष्टाचार म्हणून बसून राहण्याची सक्ती नाहीशी झाली की वक्त्यालाही आपले म्हणणे दहा मिनिटांत सांगण्याची गरज भासू लागते.

या पद्धतीचा भारताशी, आणि गोव्याशीही, जुना संबंध आहे. पहिली काही वर्षे ती ओवेन यांच्या परिचितांच्या वर्तुळापुरती मर्यादित होती. १९८९ मध्ये ती बाहेर पडली: अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी डेक्रॉन धाग्याच्या भवितव्याचा विचार याच रीतीने केला आणि जवळपास त्याच सुमारास गोव्यात भारतीय व पाश्चात्त्य अभ्यासक आणि उद्योगांतील अधिकारी ‘संस्था शिकतात कशा’ या विषयावर असेच वर्तुळात बसले. परिषदांचे ठिकाण म्हणून गोव्याने मिरवावे अशी ही घटना आहे. ती फारशी कोणाच्या स्मरणात नाही.

पुढचे वळण संगणक क्षेत्रात आले. ओ’रायली या प्रकाशनसंस्थेने २००३ पासून निवडक निमंत्रितांचे एक शिबिर भरवायला सुरुवात केली. कार्यक्रम आलेल्यांनीच ठरवायचा, पण यायला निमंत्रण हवे. निमंत्रण नसलेल्यांपैकी काहींनी २००५ च्या ऑगस्टमध्ये पालो आल्टो येथे एका लहान कंपनीच्या कार्यालयात सर्वांना खुले असे ‘बारकॅम्प’ भरवले. कल्पना सुचल्यापासून प्रत्यक्ष मेळावा भरेपर्यंत आठवडासुद्धा गेला नाही. ‘प्रेक्षक कोणी नाही, सगळे सहभागी’ हे त्याचे ब्रीद. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, दिल्लीत भारतातले पहिले बारकॅम्प झाले आणि चेन्नई, हैदराबाद, बेंगळुरू, पुणे अशी त्याची लाट पसरली. ‘अनकॉन्फरन्स’ हा शब्द आपल्याकडे आला तो याच लाटेबरोबर. त्याला मराठीत अजून सर्वमान्य प्रतिशब्द नाही. ‘विनाव्यासपीठ परिषद’ म्हटले तर अर्थ बराचसा पोहोचतो.

संगणकवाल्यांना हे जमले याचे फारसे आश्चर्य नाही. त्या व्यवसायात वय आणि पद यांची मातब्बरी कमी असते. बावीस वर्षांच्या मुलाला एखादी गोष्ट पन्नास वर्षांच्या व्यवस्थापकापेक्षा अधिक कळते, हे तेथे सर्वांना मान्य असते. खरी कसोटी इतर व्यवसायांत लागते, विशेषतः शिक्षकांत. फिलाडेल्फियात काही शिक्षक असेच बारकॅम्पमध्ये एकमेकांना भेटले आणि २०१० मध्ये त्यांनी केवळ शिक्षकांसाठी ‘एडकॅम्प’ भरवला. प्रवेश विनामूल्य, विषय सकाळी तेथेच ठरणार, विक्रेत्यांची भाषणे नाहीत. वरून लादलेल्या प्रशिक्षणांना कंटाळलेल्या शिक्षकांनी ही कल्पना उचलून धरली आणि ती अमेरिकेतील इतर शहरांत व पुढे इतर देशांतही गेली. सुट्टीच्या दिवशी, पदरचे पेट्रोल खर्चून, कोणाच्याही आदेशाविना शिक्षक प्रशिक्षणाला येतात, ही गोष्ट कोणत्याही शिक्षण खात्याने विचारात घ्यावी अशी आहे.

गोव्याच्या दृष्टीने हा प्रश्न आज निकडीचा आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा आहे. या तरतुदीतील एक भाग सहसा वाचलाच जात नाही: हे तास शिक्षकाच्या स्वतःच्या आवडी-गरजेनुसार ठरावेत, असेही धोरणात म्हटले आहे. प्रत्यक्षात ५० हा आकडा तेवढा खाली झिरपतो. तो भरण्यासाठी ‘दीक्षा’ मंचावरील पाठ, प्रशस्तिपत्रे, एखाद्या सभागृहात दिवसभराचे व्याख्यान. काही पाठ चांगले आहेत, काही व्याख्याते अभ्यासू असतात. पण ज्याला ऐकायचे आहे त्याची अडचण काय, हे विचारण्याची जागा या रचनेत नाही.

अडचणी कोणत्या? मुरगाव तालुक्यातील एखादी सरकारी मराठी प्राथमिक शाळा घ्यावी. वर्गातील काही मुलांच्या घरी कोकणी, काहींच्या घरी कन्नड, काहींच्या घरी हिंदी. पाठ्यपुस्तक मराठीत. पहिलीच्या मुलाला ‘अ’ शिकवण्याआधी त्याच्याशी बोलायचे कोणत्या भाषेत, हा तेथील शिक्षिकेचा रोजचा प्रश्न आहे. सत्तरी किंवा काणकोणच्या आतल्या भागात प्रश्न वेगळा: मुले मोजकी, इयत्ता चार, शिक्षक एक. दुसरीला गणित घालून चौथीला परिसर अभ्यास शिकवायचा आणि त्याच दिवशी माध्यान्ह आहाराची नोंदवहीही पुरी करायची. अशा वर्गात एकही दिवस न काढलेला तज्ज्ञ यावर काय सांगणार? उत्तरे आहेत, पण ती तशाच दुसऱ्या शाळेतील शिक्षिकेकडे आहेत. तिने चित्रांची कार्डे केली असतील, मोठ्या मुलांना धाकट्यांच्या शेजारी बसवून पाहिले असेल, त्यातले निम्मे फसलेही असेल. काय फसले हे कळणे इतरांना सर्वांत मोलाचे, आणि व्यासपीठावरून नेमके तेच कधी सांगितले जात नाही. व्यासपीठावर यशोगाथा असतात.

भाषेचाही एक फायदा आहे. गोव्यात औपचारिक परिसंवाद बहुधा इंग्रजीकडे झुकतात. मराठी वा कोकणी माध्यमात वीस वर्षे शिकवलेली शिक्षिका तेथे गप्प राहते. भिंतीवरचा कागद कोणत्याही भाषेत लिहिता येतो आणि सहा-सात जणांच्या घोळक्यात भाषा आपोआप सोयीची होते.

येथवर सारे गोड आहे. अडचण सुरू होते ती हजेरीपत्रकापाशी. दोन पायांचा कायदा आणि ५० तासांची मोजणी यांचे मुळात जमत नाही. जो हवे तेव्हा उठून जाऊ शकतो, त्याचे तास मोजायचे कसे? आणि जो तास भरण्यासाठीच आला आहे, तो उठून जाईल तो बाहेरच्या व्हरांड्यात. डॉक्टरांच्या बाबतीत हीच गाठ आधीच बसलेली आहे. महाराष्ट्रात वैद्यकीय नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० श्रेयांक-तास लागतात. ते मान्यताप्राप्त कार्यक्रमांतूनच मिळतात आणि मान्यता मिळवायची तर वक्ते, विषय व वेळा आगाऊ कळवाव्या लागतात. विषय सकाळी भिंतीवर ठरणार असतील तर महिनाभर आधी कळवायचे काय? औषध कंपन्यांसाठी २०२४ मध्ये आलेल्या आचारसंहितेने आणखी एक गंमत केली आहे. परिषदेला जाणाऱ्या डॉक्टरांचा प्रवासखर्च कंपनीने करू नये, असे ती बजावते, अपवाद वक्त्यांचा. ज्या परिषदेत प्रत्येक जण वक्ता असतो तेथे या अपवादाचे काय होईल, याची कल्पना चतुर मंडळींना सुचायला वेळ लागणार नाही.

तेव्हा मोजायचे काय, हे बदलावे लागेल. खुर्चीत काढलेल्या मिनिटांऐवजी प्रत्येक बैठकीचे टिपण मोजता येईल: प्रश्न कोणता होता, कोणी काय करून पाहिले, काय फसले, पुढच्या महिन्यात कोण काय करून पाहणार. एका पानाचे, हाताने लिहिलेले, घोळक्यातील सर्वांच्या सह्यांचे टिपण. ओवेन यांच्या पद्धतीतही प्रत्येक बैठकीचा वृत्तान्त लिहून सर्वांना देण्याची रीत आहे. खात्याला फायलीत लावायला कागद मिळतो आणि शिक्षकाला उपयोगाचे काही हाती राहते. लबाडी येथेही शक्य आहे. पण व्याख्यानाला सही करून निघून जाण्यापेक्षा पानभर खोटी चर्चा रचणे अधिक कष्टाचे आहे.

दुसरी अडचण अधिक खोलवरची आहे. व्यासपीठ काढले म्हणजे उतरंड गेली, असे होत नाही. अमेरिकेतील स्त्रीमुक्ती चळवळीतील कार्यकर्त्या जो फ्रीमन यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभीच ‘रचनाहीनतेची जुलूमशाही’ या आशयाच्या शीर्षकाचा एक निबंध लिहून याची चिकित्सा केली होती. ज्या गटाला उघड रचना नसते त्यात छुपी रचना तयार होते, आणि तिला जाब विचारता येत नाही. शिगम्याच्या मांडाची उपमा येथे पुन्हा आठवावी. तेथे पत्रिका छापलेली नसते हे खरे, पण मानकऱ्यांचा क्रम पिढ्यान्‌पिढ्यांचा ठरलेला असतो. नारळ कोणी ठेवायचा यावरून वाद पेटलेले गोव्याने पाहिले आहेत. रविवारची ग्रामसभाही कायद्याने सर्वांना खुली आहे. तेथे कोणाचा आवाज पोहोचतो आणि कोण कोपऱ्यात उभे राहून घरी परततो, हे सांगायला नको. शिक्षकांच्या वर्तुळात मुख्याध्यापक, संघटनेचे पदाधिकारी आणि अस्खलित बोलणारे शहरी सहकारी हेच पहिले कागद लिहिणार, हा धोका खरा आहे. लहान राज्यात तो दुणावतो, कारण येथे प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो आणि पुढची बदली कोणाच्या सहीने होणार हेही ठाऊक असते.

‘जे आले तेच योग्य लोक’ हे सूत्र तर अधिकच तपासून घ्यावे लागेल. ते आलेल्यांना धीर देते. जे येऊ शकले नाहीत त्यांच्याविषयी ते काहीच बोलत नाही. सुट्टीच्या दिवशी घर सोडू न शकणारी शिक्षिका, दिवस बुडाला तर वेतन कापले जाणारा कंत्राटी शिक्षक, पेडण्याच्या टोकाहून दोन बस बदलून येणारा, यांची अनुपस्थिती हीसुद्धा एक कार्यक्रमपत्रिकाच असते. मराठीला हा धडा नवा नाही. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये पहिली ग्रंथकारांची सभा पुण्यात भरली. १८८५ मधील पुढच्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुले यांनी पत्र लिहून नाकारले. ज्यांना शूद्रातिशूद्रांचे मानवी हक्क मनापासून मान्य नाहीत त्यांच्या सभांशी आपला मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. निमंत्रण सर्वांना होते. प्रश्न कोणाचे चर्चेला येणार, हे आधीच ठरलेले होते. वर्तुळात खुर्च्या मांडल्याने ते बदलले असते, असे मानण्याचे कारण नाही.

शिवाय काही कामे व्याख्यानानेच होतात. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले तेव्हा पोलीस आणि वकील यांना कलमांचा बदल जाणकाराकडून समजून घेणे भाग होते. तेथे प्रत्येकाचा अनुभव शून्य होता. नवे औषध, नवी करप्रणाली, नवे पाठ्यपुस्तक यांची पहिली ओळख करून द्यायला वर्तुळ निरुपयोगी, क्वचित घातकही ठरते; दहा अज्ञानांच्या बेरजेतून ज्ञान निघत नाही. सहा महिने उलटून प्रत्येकाच्या गाठीला थोडा अनुभव जमला की मात्र व्याख्यात्याकडे सांगण्यासारखे फारसे उरत नाही आणि वर्तुळाची वेळ येते. गोव्यात नव्या धोरणाची अंमलबजावणी पायाभूत स्तरावर २०२३-२४ मध्ये सुरू झाली. प्राथमिक शिक्षकांच्या दृष्टीने ओळख करून देण्याचा टप्पा केव्हाच मागे पडला आहे. आता त्यांनाच विचारायला हवे.

त्यासाठी लागणारे साहित्य मोजकेच आहे. एखाद्या तालुक्याच्या ठिकाणची शाळा, सुट्टीच्या काळात चार-पाच मोकळे वर्ग, एक लांब भिंत, कागद, जाड पेन, चहा आणि साधे जेवण. लांबून येणाऱ्यांच्या प्रवासखर्चाची आणि कामाच्या दिवशी येण्याच्या परवानगीची तरतूद खात्याने आधी करावी; ती नसेल तर येणारे नेहमीचेच असतील. पूर्वतयारी लागतेच, पण ती वेगळी: एक नेमका प्रश्न असलेले निमंत्रण, सकाळी पहिला अर्धा तास सांभाळणारी एक अनुभवी व्यक्ती आणि न बोलणाऱ्यांना शेजारच्याशी दोन मिनिटे बोलू देऊन मग कागद लिहायला सांगण्याचा संयम. शेवटच्या या गोष्टीने फ्रीमन यांनी दाखवलेला दोष नाहीसा होत नाही, थोडा बोथट होतो.

खात्याच्या अधिकाऱ्यांनी अशा ठिकाणी यावे की नाही, यावर दोन मते संभवतात. ते आले तर काही तोंडे बंद होतील; आले नाहीत तर ऐकायला हवे ते त्यांच्या कानी कधीच पडणार नाही. मधला मार्ग असा की त्यांनी दुपारनंतर यावे, टिपणे भिंतीवर लागलेली असताना. ती लिहिणाऱ्यांची नावे विचारू नयेत, सह्यांचे कागद दुसऱ्या दिवशी कार्यालयात पोहोचतीलच. आणि सकाळपासूनच बसायचे असेल तर वर्तुळात, इतरांसारख्याच खुर्चीवर. पहिला कागद मात्र त्यांनी लिहायचा नाही.